पाठमोरी राणी

मी सेकंड पीयूसीत होते, म्हणजे महाराष्ट्रातले लोक जिला बारावी म्हणतात त्या वर्गात, तेव्हा दसऱ्याला आमच्या घरातली राणी भिंतीकडे तोंड करून बसली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी राणीकडे बघायच्या, मग शेजारच्या राजाकडे, मग एकमेकींकडे. एकीने तर आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "का हो, घरात काही वाईट झालं का?"

आईने कपाळाला हात लावला. "वाईट कुठलं? बायॉलॉजी झालीये."

ते वर्ष आठवलं की अजूनही मला बसल्या जागी हसू फुटतं आणि छातीत तसंच धडधडायला लागतं. अभ्यासात इतकी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती. इतकी भीतीही वाटली नव्हती.

आम्ही बंगळूरच्या जयनगरचे. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं आणि इथलंच झालं. पुण्याहून नोकरीला आलेली माणसं आमचं मराठी ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडी. आम्ही घरात मराठी बोलतो, त्यात स्वल्प कन्नड मिसळतं, आणि दसऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारख्या बाहुल्या मांडतो. नवरात्र आलं की हॉलमधला टीव्ही आतल्या खोलीत जातो आणि त्या जागी लाकडी पायऱ्या उभ्या राहतात. पायऱ्यांवर पांढरं कापड, त्यावर मातीच्या, लाकडाच्या, कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या. संध्याकाळी बायका, मुलं, शेजारी बघायला येतात, कुंकू लावून घेतात, खिरापत खातात आणि पुढच्या घरी जातात. सर्वांत वरच्या पायरीवर राजाराणीची जोडी बसते. ही लाकडी जोडी आईला लग्नात माहेरहून मिळाली. तिच्यापेक्षा उंच कोणी बसायचं नाही आणि जोडी फोडायची नाही, एवढं मला बोलता येण्याआधीपासून ठाऊक होतं.

खालच्या तीन पायऱ्या मात्र माझ्या. त्यांवर दरवर्षी मी नवा देखावा करायचे. एकदा प्राणिसंग्रहालय केलं होतं, एकदा मेट्रोचं स्टेशन आणि त्याखाली तुंबलेला रस्ता. त्यावर आईचा एकच नियम होता: देखावा ज्याने मांडला त्यानेच, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, उभं राहून त्याची गोष्ट सांगायची. शंभरावा पाहुणा आला तरी तोंड वाकडं करायचं नाही.

आता माझ्या दुखण्याकडे येते. मला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. दहावीच्या सुट्टीत एका सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गाय अडली होती. वासराचे पाय दिसत होते आणि पुढे काही होत नव्हतं. सगळी गल्ली गोळा होऊन सल्ले देत होती. तेवढ्यात स्कूटरवरून एक डॉक्टरीण आली, जेमतेम पंचविशीची. तिने बाह्या वर केल्या, सगळ्यांना मागे सारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बादली धर. आणि रडू नकोस." मी बादली धरली. वासरू बाहेर आलं, ओलं, काळंभोर, आणि थोड्या वेळाने आपल्या चार काटकुळ्या पायांवर डुगडुगत उभं राहिलं. मी भर रस्त्यात किंचाळले. डॉक्टरीण हसली. त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

पण मला हवी होती गाय, आणि कॉलेजातली बायॉलॉजी मला देत होती डीएनए. पानंच्या पानं. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रोटीन, मध्ये तीनतीन अक्षरांचे कोडॉन, कोण कुठे जातो, कोण काय आणतो, काही म्हणजे काही डोक्यात शिरेना. मी पाठ करायचे. पाठ केलेलं रात्रीत उडून जायचं. गणितात माझं डोकं सरसर चाले, त्यामुळे तर जास्तच राग यायचा. पुस्तक मी दोनदा भिंतीवर मारलंय. एकदा ते कुंडीत पडलं आणि त्याची पानं शेवटपर्यंत फुगलेली राहिली.

मिडटर्मचा निकाल दसऱ्याच्या तोंडावर लागला. बायॉलॉजीत सत्तरपैकी चोवीस. काठावर पास.

अप्पा, म्हणजे माझे वडील, चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. त्यांनी चिडावं असं मला किती वेळा वाटतं, कारण मी चिडते, आणि समोरचा शांत असला की चिडणाऱ्याला फार एकटं पडायला होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुला गणितात छान मार्क पडतात. ज्यात पडत नाहीत त्याच्या मागे का लागतेस? जानेवारीत प्रिपरेटरी परीक्षा आहे. तिथे बायॉलॉजीत पन्नास पडले तर तू व्हेटर्नरीला जा, मी आड येणार नाही. नाही पडले, तर सीईटीला बायॉलॉजीचा पेपर लिहायचाच नाही. इंजिनिअरिंग. सरी?"

"सरी," मी म्हणाले. सरी म्हणजे ठीक, पण आमच्या घरात सरी म्हटलं की शब्द दिला.

त्याच संध्याकाळी आई माळ्यावरून बाहुल्यांच्या पेट्या काढत होती. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे बाळ. यंदा तू अभ्यास कर, तुझ्या पायऱ्या मीच मांडते."

मला असं काही लागलं ते! "म्हणजे मी आता बाहुल्यांच्या लायकीचीही नाही?" मी ओरडले. "माझ्या पायऱ्या आहेत त्या. मी बाहुल्यांतच अभ्यास करीन!"

हे मी नुसतं रागाच्या भरात बोलले होते. पण बोलून तर बसले. आई पेटी हातात धरून बघत राहिली, अप्पांनी वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता करून दाखवावं लागणार. मी पेट्या उघडून सगळ्या बाहुल्या जमिनीवर पसरल्या आणि ते फुगलेल्या पानांचं पुस्तक मधोमध ठेवलं.

आणि मग गंमत झाली. पुस्तकात लिहिलं होतं, डीएनए पेशीच्या केंद्रकातून बाहेर पडत नाही. मी मान वर केली. वरच्या पायरीवर आईने नुकतीच राजाराणीची जोडी बसवली होती. ती जोडी तरी कुठे खाली उतरते? राजाराणी महालात बसतात, हुकूम तेवढा बाहेर जातो! मी उडालेच. हुकुमाची नक्कल घेऊन बाहेर पडतो तो मेसेंजर आरएनए. माझ्याकडे सायकलवरचा मातीचा पोस्टमन होता, त्याचं एक चाक तुटलेलं, तरी चालेल. नक्कल वाचून प्रोटीन गुंफतो तो रायबोझोम. त्यासाठी टोपली पुढ्यात घेऊन माळ गुंफणारी फुलवाली होती. माळेत ओवायचे मणी, म्हणजे अमिनो आम्लं, कुठून येणार? शेट्टीच्या दुकानातून! शेट्टी आणि शेट्टम्मा ही ढेरपोट्या वाण्याची जोडी इथे सगळ्यांच्या मांडणीत असते, पुढ्यात डाळ-तांदळाच्या इवल्या राशी घेऊन. मी राशी हलवल्या आणि रंगीत मणी ओतले. डोक्यावर घडे घेतलेल्या बायांची एक रांग होती, त्या झाल्या ट्रान्सफर आरएनए. एकेक बाई शेट्टीकडून एकच मणी उचलणार आणि फुलवालीकडे पोचवणार.

"शेट्टीकडे मणी?" आई म्हणाली. "अय्यो, आणि माझी तूरडाळ?"

"आई, तूरडाळीला सध्या कोणी विचारत नाहीये!"

मी रात्री जेवायलाही नीट बसले नाही. गेले कित्येक आठवडे जे अक्षरांचं रान वाटत होतं त्यात आता माणसं राहायला आली होती, आणि मला त्यांच्या घरी जाऊन बसावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे सुरू झाले. पहिल्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. अक्का बँकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि त्यांच्याइतकं चौकस माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पोस्टमनपर्यंत गोष्ट सांगून मी थांबले, तर त्या मान डोलावून म्हणाल्या, "सरी. आमेले?"

ठीक, मग पुढे? एवढाच त्याचा अर्थ. पण त्या ते असं म्हणत की पुढचं सांगितल्याशिवाय सुटका नसे. पोस्टमन फुलवालीकडे जातो. सरी, आमेले? फुलवाली तीनतीन अक्षरं वाचते. सरी, आमेले? तीनच का, दोन का नाहीत? "बघून सांगते अक्का," म्हणून आत पळाले, पुस्तक उघडलं, धावत बाहेर आले. अक्षरं चार आहेत. दोनदोनचे गट केले तर सोळाच शब्द होतात आणि मणी आहेत वीस प्रकारचे. तीनतीनचे केले तर चौसष्ट होतात! हे तर गणित होतं, माझं लाडकं गणित, आणि ते इतके दिवस त्या पानावर बसून माझी वाट बघत होतं. मी अक्कांना मिठीच मारली. त्यांच्या हातातली खिरापत सांडली.

रोज संध्याकाळी मी ती गोष्ट कन्नडमधून, मराठीतून, इंग्रजीतून सांगत होते. व्हाइटफील्डहून आलेल्या एका पुणेरी बाईंनी मला भाविकपणे विचारलं, ही कथा कुठल्या पुराणातली? दरवेळी सांगताना मला एखादा नवा सांधा दिसायचा. अप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसायचे. टीव्ही आतल्या खोलीत गेल्यामुळे आणि आतल्या खोलीत पाहुण्यांच्या चपलांपासून पिशव्यांपर्यंत सगळं कोंबल्यामुळे त्यांना दुसरी जागाच नव्हती. "बाहुल्यांनी मार्क पडत असते तर..." असं एकदा ते पुटपुटले. मी ऐकलं आणि आवाज आणखी चढवला.

आणि मग आईने घात केला. फुलबाजारात तिला माझ्या बायॉलॉजीच्या मॅडम भेटल्या, आणि आईने त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं दिलं.

"त्यांना का बोलावलंस?" मी किंचाळले.

"सगळ्या जयनगरला बोलावते, त्यांनी काय पाप केलंय?"

या मॅडमचा कॉलेजात दरारा होता. बोलायच्या कमी, खोडायच्या फार. त्या आल्या, चपला काढल्या, कुंकू लावून घेतलं आणि पायऱ्यांसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी सुरुवात केली. पहिल्या दोन वाक्यांना तोंडातून नुसती वाफच निघाली. मग पोस्टमन आला, फुलवाली आली, आणि मी मॅडमना विसरले. माळेपर्यंत पोचले तेव्हा माझे कान गरम झाले होते.

मॅडमनी वर बोट केलं. "ते दोघं कोण?"

"डीएनएचे दोन धागे, मॅडम. जोडीने राहतात."

"जोडीने राहतात ते बरोबर. पण दोघं एकाच दिशेला बघतायत. डीएनएचे धागे असे असतात?"

मी मान वर करून राजाराणीकडे पाहिलं.

"एक धागा जिकडे धावतो त्याच्या उलट दुसरा धावतो," मॅडम म्हणाल्या. "मिडटर्मच्या पेपरातही तू दोन्ही बाण एकाच बाजूला काढलेस. मी खोडले. मला वाटलं तू विचारायला येशील. आली नाहीस." मग त्या आईकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "दोघांतल्या एकाला वळवा."

आईच्या हातातलं तबक कलतं झालं. तिच्या माहेरची जोडी! पण दारी आलेल्या गुरूचा शब्द मोडायचा तरी कसा? "राजाला वळवलं तर..." ती स्वतःशीच बोलायला लागली. "छे, पाहुण्यांकडे राजाने पाठ केली असं होईल."

"आणि राणीने केली तर चालेल?" मी भडकले.

"राणीला सवय असते," आई म्हणाली. "मी नाही का आयुष्यभर तुमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी?"

मॅडम हसल्या. कॉलेजात दीड वर्षात त्या हसल्याचं मी पाहिलं नव्हतं. आईने स्टुलावर चढून, हात जोडून, पुटपुटत माफी मागून राणीचं तोंड भिंतीकडे केलं. आणि मला एकदम, अगदी लखकन, ते पान दिसलं. उलट सुलट दोन धागे! म्हणून नक्कल करताना एका धाग्याची सलग होते आणि दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. तो धडा मी महिनाभर घोकला होता आणि मला त्याचं कारणच माहीत नव्हतं. "म्हणून तुकडे पडतात!" मी ओरडले. "मॅडम, म्हणूनच तुकडे पडतात!"

"हो," मॅडम म्हणाल्या आणि खिरापत घेऊन पुढच्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाहुणी भांडणाची चौकशी करायला लागली. दोन संध्याकाळी आईने सोसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसली आणि दुपारपर्यंत तिने राणीसाठी बोटभर लांबीची मोग्गिन जडे करून टाकली. इकडे नवरीच्या वेणीवर कळ्यांची नक्षी घालतात, तशी, पण बाहुलीच्या मापाची. मध्ये जरीचा धागा, खाली गोंडा. पाठमोऱ्या राणीच्या पाठीवर ती वेणी अशी काही शोभली की बायका भांडणाचं विसरून वेणी बघायला येऊ लागल्या. आरतीच्या वेळी आई राणीला पुढे वळवायची. आरती झाली की तिच्या खांद्याला धरून म्हणायची, "चला बाईसाहेब, वळा. अभ्यासाची वेळ झाली." मी आईकडे त्या आठवड्यात जितक्या प्रेमाने बघितलं तितक्या प्रेमाने त्याआधी बघितलं नसेल.

एका संध्याकाळी जादा तास संपवून येताना माझी बस जे. पी. नगरजवळच अडकली. घामाघूम होऊन घरी पोचले तर हॉल भरलेला, आणि आई पदर खोचून शेट्टीच्या दुकानापुढे उभी. "ही बाई एकच मणी नेते हं," ती कन्नडमध्ये सांगत होती, "हावरटपणा चालत नाही." अक्का शेजारी बसून मान डोलावत होत्या. पुढे आई पहिली खूण विसरली, माळ कुठून सुरू करायची ती. मी दारातूनच सांगणार होते, तेवढ्यात कोपऱ्यातलं वर्तमानपत्र स्वल्प खाली आलं. मी तिकडे पाहिलं तर ते परत वर गेलं.

विजयादशमीच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी मला शेवटचं गाठलं. "सरी. आमेले? माळ थांबते कधी?"

"संपली की थांबते."

"पण संपली हे फुलवालीला कोण सांगतं?"

पुन्हा आत पळाले. तीन शब्द असे आहेत की त्यांच्या नावाचा मणीच नाही. त्यांचा अर्थ एकच, थांब. यूएए, यूएजी, यूजीए. मिडटर्ममध्ये हा प्रश्न मी कोराच सोडला होता. विजयादशमीला संध्याकाळी मांडणी उठवायची म्हणजे एक बाहुली आडवी करून निजवायची अशी आमची रीत आहे. दरवर्षी आई राजाला निजवते. त्या वर्षी मी म्हटलं, "आई, आज फुलवालीला निजवू दे." मी तिला हळूच आडवी केली आणि मोठ्याने म्हणाले, "यूएए! यूएजी! यूजीए!" अक्कांनी भक्तिभावाने हात जोडले. अप्पा खोकले, की हसले, कोण जाणे.

बाहुल्या पेटीत गेल्या, पण आता मला चटक लागली होती. पाहुणे नव्हते, तर मी रविवारी दुपारी अक्कांकडे जाऊन बसायचे आणि त्यांना पुढचे धडे सांगायचे. आनुवंशिकतेचे वाटाणे त्यांच्याच भाजीच्या टोपलीतून घ्यायचे. जीन कापून दुसरीकडे जोडायची तर आईच्या ब्लाउजपीसचे तुकडे आणि कात्री. ज्या ठिकाणी अक्कांचं "सरी, आमेले?" आलं आणि मला पुढचं सुचलं नाही, तिथे माझं अजून कच्चं आहे असं समजायचं. मॅडमकडेही जायला लागले. आधी त्यांच्या खोलीबाहेर घिरट्या घालायचे, मग सरळ आत. त्या म्हणायच्या, "काय, आज कोणाला वळवायचंय?"

मध्येच एका चाचणीत मार्क तेवढे वाढले नाहीत आणि मी रडून गोंधळ घातला, हेही सांगायला हवं. आईने मला रडू दिलं, मग माझ्यापुढे वाटाणे सोलायला ठेवले.

प्रिपरेटरीचा पेपर हातात आला तेव्हा मी आधी शेवटचं पान उघडलं. मोठा प्रश्न होता: प्रोटीन कसं तयार होतं ते आकृतीसह सांगा. मला वर्गात उठून नाचावंसं वाटलं. खरंच सांगते, पाय बाकाखाली नाचतच होते. लिहिताना पोस्टमन माझ्यापुढे सायकल मारत होता. आकृतीत मी दोन धागे काढले, एकाला वर जाणारा बाण, दुसऱ्याला खाली येणारा. दुसरा बाण काढताना मोगऱ्याचा वास आला असं वाटलं.

पेपर मिळायच्या दिवशी मॅडम नेहमीसारख्या एकेकीला बोलावत होत्या. माझी पाळी आली. पन्नास, देवा, फक्त पन्नास. त्यांनी पेपर पुढे केला. अठ्ठावन्न! मी तो आकडा वाचला, मॅडमकडे पाहिलं, परत वाचला. "आई कशी आहे?" मॅडमनी विचारलं. "आणि राणी?"

घरापर्यंत मी धावतच गेले. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले, भाजीवालीने "ए हुडगी!", म्हणजे ए पोरी, म्हणून ओरडून घेतलं. आईने पेपर पाहिला आणि देवापुढे ठेवला. अप्पा संध्याकाळी आले, देवापुढचा पेपर उचलला, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला.

"सरी," ते म्हणाले.

बस, एवढंच! मला इतका राग आला. मी जीव ओतला होता आणि यांच्याकडे माझ्यासाठी एक शब्द. पण तो शब्द त्यांनी पाळला. पुन्हा इंजिनिअरिंगचं नाव काढलं नाही, सीईटीच्या दिवशी बायॉलॉजीच्या पेपराला स्वतः मला स्कूटरवरून सोडलं, आणि फाटकाशी उभे राहून काहीतरी सांगणार असल्यासारखं करून तसेच परत गेले.

पुढच्या दसऱ्याला मला पशुवैद्यकीच्या कॉलेजात प्रवेश मिळून थोडेच दिवस झाले होते. मांडणीच्या पहिल्या संध्याकाळी मी बसमध्ये ताटकळून उशिरा घरी पोचले. यंदा माझ्या पायऱ्या रिकाम्याच राहिल्या असणार, असं वाटत होतं. दारातून पाहिलं तर पोस्टमन, फुलवाली, घडेवाल्या बाया, शेट्टीपुढे मण्यांच्या राशी, सगळं जिथल्या तिथे. आणि वर राणी भिंतीकडे तोंड करून, पाठीवर ताजी मोग्गिन जडे घालून बसलेली.

"आई, तू मांडलंस?"

"वेणी तेवढी माझी," आई म्हणाली आणि हनुवटीने कोपऱ्याकडे खूण केली. कोपऱ्यात वर्तमानपत्र होतं.

अक्कांनी त्यांच्या बहिणीला बघायला आणलं होतं. बहीण नवखी. तिने राणीकडे बघून विचारलंच, "हे काय, नवराबायकोचं भांडण?"

मी सांगायला पुढे झाले, तोच वर्तमानपत्राची घडी पडली. अप्पा उठले. बाहुल्यांपुढे उभं राहून पाहुण्यांशी बोलताना मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. "भांडण नाही," ते कन्नडमध्ये म्हणाले, आपल्या त्या शांत आवाजात. "डीएनएचे दोन धागे उलट दिशांना असतात, म्हणून तिला वळवलंय." आणि मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. नक्कल, पोस्टमन, तीनतीन अक्षरं, तीनच का ते सोळा आणि चौसष्टासकट. सुरुवातीची खूण विसरले नाहीत. हावरटपणा चालत नाही, हेसुद्धा आईच्याच शब्दांत सांगितलं. शेवटी फुलवालीपाशी वाकून थांबण्याचे तिन्ही शब्द घडाघडा म्हटले.

"सरी," अक्का म्हणाल्या. "आमेले?"

अप्पांनी वळून माझ्याकडे बोट केलं. "आमेले ही. माझी मुलगी. गुरांची डॉक्टर होणार आहे."

मला रडू आवरेना. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी राणीसारखं भिंतीकडे तोंड केलं.